होस्टाला सावली ‘आवडते’ का?

युरोप-अमेरिकेतील बागकामाची पुस्तके आणि रोपवाटिकांची सूचिपत्रके पाहिली, तर होस्टा या झाडाचे वर्णन बहुधा तीन विशेषणांनी केलेले आढळते: सावलीप्रिय, चित्रवर्णी पानांचा आणि सुगंधी फुलांचा. ही विशेषणे सुटीसुटी घेतली तर चुकीची नाहीत. परंतु एकाच रोपाला ती एकदम लावली की त्यांचे आपापसात पटत नाही, आणि ही गोष्ट अशा लेखनात सहसा सांगितली जात नाही. ती तपासून पाहण्याचा येथे प्रयत्न आहे. होस्टा आपल्या वर्गात येणार नाही, पण चित्रवर्णी पान येते. क्रोटनचे किंवा कोलियसचे पान घेऊन आयोडीनची परीक्षा करून दाखवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाचा या प्रश्नाशी संबंध आहे.

आधी झाडाची ओळख करून घेऊ. होस्टा मूळचा जपान, कोरिया, चीन आणि रशियाच्या अतिपूर्व भागातला. ऑस्ट्रियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाउस होस्ट यांच्या सन्मानार्थ ट्राटिनिक यांनी १८१२ मध्ये त्याला हे नाव दिले. हिवाळ्यात त्याची पाने मरून जातात आणि जमिनीतले खोड थंडीत काही आठवडे विश्रांती घेते. ही थंडी मिळाली नाही तर पुढची वाढ नीट होत नाही. म्हणून पुण्या-मुंबईच्या हवेत तो वर्षानुवर्षे टिकवणे कठीण. नात्याने मात्र तो आपल्याला अगदी परका नाही. आजच्या वर्गीकरणात त्याची जागा शतावरीच्या कुलात, घायपात आणि निशिगंध यांच्या जवळ आहे.

आता पहिले विशेषण घेऊ. ‘सावलीप्रिय’ म्हणजे काय? ज्या सावलीत हिरवळ तग धरत नाही तेथे होस्टा जगतो, हे खरे आहे. पण जगणे आणि आवडणे यांत फरक आहे. पानाचा जमाखर्च मांडला की तो स्पष्ट होतो. समजा, दाट सावलीत एका पूर्ण हिरव्या पानाची दिवसाची कमाई १० रुपये आहे आणि श्वसनाचा खर्च ६ रुपये. शिल्लक राहिले ४. आता तेवढ्याच आकाराच्या, पण ३० टक्के पांढऱ्या पानाचा हिशेब करू. पांढऱ्या पेशींत हरितद्रव्य नाही, म्हणून कमाई ७ रुपये. त्या पेशी जिवंत आहेत, श्वसन करतात, म्हणून खर्च जवळजवळ तोच. शिल्लक १ रुपया! याच पानांना आणखी उजेड मिळून कमाई दुप्पट झाली, तर हिरव्या पानाची शिल्लक ४ वरून १४ होईल, म्हणजे साडेतीन पट. चित्रवर्णी पानाची १ वरून ८, म्हणजे आठ पट. आकडे आम्ही समजुतीसाठी घेतले आहेत, पण निष्कर्ष त्यांच्यावर अवलंबून नाही. ज्याची शिल्लक मुळातच कमी, त्याला जास्त उजेडाची गरज अधिक.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. ‘पेट्रिअट’ या प्रकाराच्या पानाचा मध्य हिरवा आणि कडा पांढरी असते. त्यातूनच निपजलेल्या ‘फायर अँड आइस’ मध्ये नेमके उलटे, म्हणजे मध्य पांढरा आणि कडा हिरवी. पहिला जोमदार वाढतो, दुसरा लहान आणि संथ राहतो. दोघांचे मूळ एक, फरक हिरव्या-पांढऱ्याच्या मांडणीचा आणि वाट्याचा.

मग पांढरी पाने सावलीत ठेवा, असे लेखक का सांगतात? कारण कडक उन्हात पांढरा भाग करपतो. १९३६ मध्ये अमेरिकेत आढळलेल्या ‘फ्रान्सिस विल्यम्स’ या प्रसिद्ध प्रकाराची फिकट कडा तर तपकिरी पडण्याबद्दलच बदनाम आहे. तेव्हा सल्ल्यामागचा अनुभव खरा आहे, चुकते ती त्याची भाषा. दुपारचे ऊन सोसत नाही, याचा अर्थ उजेड नको असा होत नाही. सकाळचे कोवळे ऊन, दुपारी सावली आणि मुळाशी ओल असा तोडगा जाणकार बागकर्ते काढतात. ‘सावलीप्रिय’ या एका शब्दात हे सारे पुसले जाते, आणि वाचक रोप नेऊन दाट झाडाखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात लावतो.

सुवासाच्या बाबतीत ही ओढाताण अधिकच दिसते. होस्टाच्या सुगंधी प्रकारांचा वास मुख्यतः एकाच जातीकडून आलेला आहे, ती म्हणजे चीनमधील होस्टा प्लँटॅजिनिया. तिच्या चिनी नावाचा अर्थ ‘जेडचा आकडा’ असा आहे. कळी केसांत खोवण्याच्या आकड्यासारखी दिसते म्हणून हे नाव. फूल पांढरे, लांब नळीचे, संध्याकाळकडे उमलणारे. निशिगंध आठवावा! ही जाती इतर होस्टांपेक्षा अधिक ऊन सोसते, आणि उजेड कमी पडला तर फुले कमी धरते. तिच्या वंशातले ‘फ्रॅग्रंट बुके’ आणि त्यातून निघालेला ‘ग्वाकामोले’ हे दोन्ही चित्रवर्णी आणि सुगंधी. ‘ग्वाकामोले’च्या पानाचा मधला पिवळसर रंग पुरेशा उन्हातच खुलतो. म्हणजे सूचिपत्रकातले चित्र उजेडातल्या झाडाचे, आणि त्याखालची ओळ सावलीची शिफारस करणारी! चित्र आणि मजकूर यांत असा विरोध असेल, तर आम्ही चित्रावर विश्वास ठेवू.

आणखी एका स्पष्टीकरणाबद्दल आमची तक्रार आहे. चित्रवर्णी होस्टाच्या बेटात कधीकधी पूर्ण हिरवे फुटवे येतात. अशा वेळी ‘झाड आपल्या मूळ रूपावर गेले’ असे लिहिले जाते, जणू झाडाला जुनी आठवण झाली. खरी गोष्ट अशी, की ही पाने दोन प्रकारच्या पेशींची बनलेली असतात. वाढत्या टोकाशी पेशींचे थर असतात. एका थरातील हरितलवके सदोष, दुसऱ्यातील निर्दोष. एका थरापासून पानाची कडा बनते, दुसऱ्यापासून मध्य. अशा मिश्र देहाला कायमेरा म्हणतात. हिरव्या थरातील पेशींनी दुसऱ्या थराची जागा घेतली, की तेथून पुढे हिरवाच फुटवा येतो. त्याची शिल्लक मोठी, म्हणून तो बाकीच्यांना मागे टाकतो. हिरवा फुटवा मुळासकट काढून टाका, हा पुस्तकांतला सल्ला म्हणूनच योग्य आहे, फक्त त्याचे कारण आठवणीत नसून जमाखर्चात आहे.

कडेची नक्षी बियांतून पुढच्या पिढीत जात नाही, याचेही उत्तर येथेच मिळते. बीजांड ज्या थरापासून बनते, त्याच थराची हरितलवके रोपाला मिळतात. या आनुवंशिकतेचा शोध कोरेन्स यांनी १९०९ मध्ये गुलबक्षीवर लावला. तीच आपल्या परसातली गुलबक्षी!

आता वर्गाकडे येऊ. आयोडीनच्या परीक्षेत पानाचा हिरवा भाग निळा-काळा होतो आणि पांढरा भाग होत नाही. ‘म्हणून प्रकाशसंश्लेषणाला हरितद्रव्य लागते’ असे लिहून आपण वही मिटतो. वास्तविक खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो: मग पांढरा भाग जगतो कशावर? विद्यार्थ्यांना तो विचारू द्यावा. कोलियसचे किंवा मनीप्लँटचे पान आलेखाच्या कागदावर ठेवून कडा गिरवावी, चौकोन मोजावेत आणि हिरव्या-पांढऱ्याचे प्रमाण काढावे. मग सारख्या आकाराची हिरवी आणि चित्रवर्णी कलमे घेऊन काही खिडकीपाशी, काही खोलीच्या आतल्या कोपऱ्यात ठेवावीत. दर आठवड्याला नवी पाने मोजावीत. एकेका कलमावरून निष्कर्ष काढू नये, प्रत्येक ठिकाणी चार-पाच तरी असावीत.

झाडांना ‘आवडते’ असे म्हणू नये, असा आमचा आग्रह नाही. बोलण्यात तो शब्द येणारच. पण मुलाने तो वापरला, की ‘म्हणजे नेमके काय?’ एवढे विचारावे. उत्तर देण्यासाठी त्याला मोजावे लागेल, आणि तेवढे पुरेसे आहे.