बाप्तिस्मा आणि ‘नवा जन्म’ : पंडिता रमाबाईंच्या आत्मनिवेदनाचे पुनर्वाचन

प्रस्तावना

पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांच्या धर्मांतराची चर्चा मराठीत प्रामुख्याने सामाजिक अंगाने झाली आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. ही घटनाच त्यांच्या धर्मांतराचा आरंभ आणि शेवट मानली जाते. रमाबाईंनी मात्र तिला तसे स्थान दिलेले नाही. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ टेस्टिमनी ऑफ अवर इनएक्झॉस्टिबल ट्रेझर’ या इंग्रजी आत्मनिवेदनात त्या सांगतात की, बाप्तिस्म्याच्या वेळी ख्रिस्ती धर्म गवसला होता. प्रत्यक्ष ख्रिस्त गवसला तो त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी. या आठ वर्षांच्या अंतराचा अर्थ ख्रिस्ती परंपरांमधील एका जुन्या मतभेदाच्या प्रकाशातच उलगडतो.

संज्ञा आणि परंपरा

‘पुनर्जन्म’ म्हणताच मराठी वाचकाच्या मनात कर्मसिद्धान्त उभा राहतो. ख्रिस्ती ‘नवा जन्म’ ही कल्पना त्याहून भिन्न असून ती याच देहातील आत्मिक परिवर्तनाची आहे. तिचा प्रमुख आधार योहानकृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायातील येशू व निकदेम यांचा संवाद होय. तेथील ‘आनोथेन’ या ग्रीक शब्दाचे ‘पुन्हा’ आणि ‘वरून’ असे दोन्ही अर्थ होतात. त्याच संवादात पाणी आणि आत्मा यांचा एकत्र उल्लेख आहे. हे पाणी बाप्तिस्म्याचे मानावे काय, या प्रश्नावर परंपरांच्या वाटा वेगळ्या होतात.

रोमन कॅथलिक व ऑर्थोडॉक्स परंपरांनुसार नवा जन्म बाप्तिस्म्यातच घडतो; म्हणून तो तान्ह्या बालकालाही लाभतो. ल्यूथरने हा संबंध राखला, परंतु श्रद्धेवर भर दिला. कॅल्व्हिनच्या परंपरेत बाप्तिस्मा हे ईश्वरी कराराचे चिन्ह व मुद्रा ठरते. नवा जन्म हे पवित्र आत्म्याचे स्वतंत्र कार्य असून ते बाप्तिस्म्याच्या क्षणाला बांधलेले नाही. अठराव्या शतकातील जॉन वेस्लीने बालकांचा बाप्तिस्मा नाकारला नाही. मात्र बाप्तिस्मा घेतलेल्या प्रौढालाही नव्या जन्माची गरज असते, असे प्रतिपादन केले. पुढील इव्हँजेलिकल परंपरेत हा जाणीवपूर्वक घेतलेला अनुभवच निर्णायक ठरला.

वाँटेजचा संदर्भ

इंग्लंडच्या चर्चमध्ये ही दोन्ही टोके एकत्र नांदत होती. बाप्तिस्म्याने बालकाचा नवा जन्म निरपवादपणे होतो, हे मत अमान्य करणाऱ्या गॉरहॅम या धर्मोपदेशकाची नेमणूक एक्झिटरच्या बिशपने रोखली. १८५० मध्ये प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीने गॉरहॅमच्या बाजूने निर्णय दिला आणि ऑक्सफर्ड चळवळीचे अनुयायी व्यथित झाले. रमाबाईंना आश्रय देणारा वाँटेजचा भगिनीसंघ याच चळवळीच्या वातावरणातला होता. त्याच्या दृष्टीने १८८३ मध्येच रमाबाईंचा नवा जन्म झाला होता. उरले होते ते शिक्षण आणि आज्ञापालन.

१९७७ साली प्रकाशित झालेल्या पत्रव्यवहारातून मात्र निराळ्या रमाबाई दिसतात. त्रैक्यसिद्धान्तावर त्या शंका घेतात, चर्चच्या अधिकाराचा आधार विचारतात. भारतीय पुरोहितवर्गाच्या जोखडातून महत्प्रयासाने सुटल्यावर तसेच दुसरे जोखड स्वीकारण्यास त्या सिस्टर जेराल्डीन यांना ठाम नकार देतात.

आत्मनिवेदनाची घडण

१९०७ च्या आत्मनिवेदनात याच कालखंडाचे मूल्य बदलते. पत्रांत जो जिज्ञासेचा काळ होता, तो येथे अपूर्णतेचा काळ ठरतो. या बदलामागे एका वाचनाचा वाटा आहे. विल्यम हॅस्लम यांचे ‘फ्रॉम डेथ इन्टू लाइफ’ हे आत्मकथन वाचल्याचा उल्लेख रमाबाई स्वतः करतात. हॅस्लम हे मूळचे उच्चचर्चवादी धर्मोपदेशक. दीक्षित असूनही स्वतःच्याच प्रवचनाच्या वेळी आपल्याला नवा जन्म लाभला, असे ते सांगतात. संस्कार आधी आणि जन्म नंतर, हा क्रम रमाबाईंना तेथे तयार मिळाला. इव्हँजेलिकल साक्षीच्या या साच्यात पूर्वायुष्याला अंधाराची भूमिका घ्यावीच लागते. त्यामुळे रमाबाईंच्या अनुभवाची सत्यता कमी होत नाही. परंतु त्यांचे वाँटेज येथील वैचारिक धैर्य झाकोळते. म्हणूनच आत्मनिवेदनाच्या आधारे पत्रांचा अर्थ लावणे ही समीक्षेतील चूक ठरते.

उलट दिशेने वाचल्यास एक सातत्य हाती येते. पत्रांतील रमाबाई मध्यस्थ नाकारतात; आत्मनिवेदनातील रमाबाई मध्यस्थाविना लाभलेला अनुभव सांगतात. नव्या जन्माच्या ज्या संकल्पनेत संस्कारकर्त्याचे स्थान गौण आहे, तीच त्यांना पटावी हे स्वाभाविक होते.

मुक्ती मिशन, १९०५

जून १९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये झालेल्या आत्मिक जागृतीने या प्रश्नाला तिसरा पदर जोडला. तेथील सहकारी मिनी अब्रॅम्स यांनी १९०६ मध्ये लिहिलेल्या पुस्तिकेत नव्या जन्मानंतरच्या पवित्र आत्म्याच्या व अग्नीच्या बाप्तिस्म्याचे विवेचन आहे. ही पुस्तिका चिलीपर्यंत पोहोचली आणि तेथील १९०९ च्या पेंटेकॉस्टल जागृतीस प्रेरक ठरली. नवा जन्म हा येथे अंतिम टप्पा राहिला नाही.

समारोप

एकाच व्यक्तीच्या आयुष्यात १८८३, १८९१ आणि १९०५ या वर्षी नव्या जन्माविषयीच्या तीन भूमिका भेटतात. संस्कारवादी परंपरा कृपेला मानवी भावनेच्या चढउतारांपासून सुरक्षित ठेवते. अनुभववादी परंपरा तिला निव्वळ विधी होण्यापासून वाचवते. पहिलीत व्यक्तीचा प्रश्न दबण्याचा धोका आहे, तर दुसरीत तिचा भूतकाळ. रमाबाईंच्या बाबतीत हे दोन्ही धोके प्रत्यक्षात आले. त्यांच्या लेखनाच्या अभ्यासात ‘धर्मांतर’ हा एकवचनी शब्द म्हणूनच अपुरा पडतो. पत्रे आणि आत्मनिवेदन यांना परस्परांचे साक्षीदार मानले, तरच वाँटेजला प्रश्न विचारणाऱ्या विदुषीचे आणि केडगावच्या साधिकेचे एकत्व ध्यानात येते.