गेल्या वर्षीचे पंचांग

मध्यंतरी कोलाडच्या एका शाळेत जुन्या छापील पुस्तकांचे प्रदर्शन भरले होते. ते पाहायला आम्ही मुद्दाम गेलो. मुंबई-गोवा रस्त्यावरून रोह्याकडे फाटा फुटतो, त्या भागातल्या घरांतून शिक्षकांनी पुस्तके मागून आणली होती. कोकणच्या पावसात, वाळवी आणि कसरीच्या तावडीतून इतके कागद वाचले, हेच मोठे नवल. शिक्षकांच्या मेहनतीला आमची मनापासून दाद आहे. ती आधी नोंदवतो, कारण पुढे जे लिहायचे आहे ते टीकेचे आहे.

मधल्या टेबलावर पांढऱ्या चादरीवर जाड इंग्रजी ग्रंथ मांडले होते. कुलाबा जिल्ह्याचे १८८३ चे गॅझेटिअर होते, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती होती, चामडी बांधणीच्या काही कादंबऱ्या होत्या. भिंतीवर तक्ता होता : मराठीतले पहिले व्याकरण, पहिले वर्तमानपत्र, पहिले मासिक. व्हरांड्याच्या कोपऱ्यात एक गोणी होती. तिच्यात काय आहे असे विचारल्यावर उत्तर आले, "ती चोपडी आहेत, किरकोळ. रद्दीत द्यायची आहेत."

आम्ही गोणी उघडायला लावली. व्रतकथांच्या पोथ्या, आरत्यांची चोपडी, नाटकाची हस्तपत्रके, औषधांच्या जाहिराती, शाळेच्या जुन्या प्रश्नपत्रिका आणि सुतळीने बांधलेला पंचांगांचा गठ्ठा निघाला. आमच्या मते प्रदर्शनातली सर्वांत मोलाची वस्तू हा गठ्ठा होता.

जाड पुस्तक म्हणजे ज्ञान आणि पातळ चोपडे म्हणजे रद्दी, ही समजूत फक्त आपलीच नाही. इंग्लंडातही ती होती. सतराव्या शतकातली इंग्रजी छपाई म्हटली की आपल्याला शेक्सपिअर, न्यूटन, बायबल आठवते. पण त्या काळचा सामान्य माणूस विकत घेत होता ती एकपानी गाणी, फेरीवाल्याकडची गोष्टींची चोपडी, प्रवचने, राजकीय भांडणांची पत्रके आणि दरवर्षीची पंचांगे, ज्यांना तिथे 'आल्मनॅक' म्हणतात. १६६० नंतरच्या दशकात अशी सुमारे चार लाख पंचांगे दरवर्षी खपत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे दर तीन कुटुंबांमागे साधारण एक. एवढ्या प्रतींपैकी आज उरल्या त्या अगदी थोड्या. वर्ष संपले की त्या कागदाचा उपयोग पुडी बांधायला किंवा चूल पेटवायला.

जॉर्ज थॉमसन या लंडनच्या पुस्तकविक्रेत्याने मात्र वेगळे केले. १६४० ते १६६१ या यादवीच्या धामधुमीत हाती लागेल ते छापील चोपडे तो जपून ठेवत गेला, आणि पुष्कळांवर ते मिळाल्याची तारीख स्वतःच्या हाताने घालत गेला. सुमारे बावीस हजार नगांचा हा संग्रह आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्या वीस वर्षांचा इतिहास लिहिताना अभ्यासक या किरकोळ पत्रकांकडे पुन्हा पुन्हा वळतात. कोणती बातमी कधी पसरली, कोणी कोणाला उत्तर दिले, हे जाड ग्रंथांपेक्षा तिथे अधिक नेमके कळते.

आता आपल्याकडे येऊ. प्रदर्शनातल्या तक्त्यावर 'दर्पण' होते (१८३२), 'दिग्दर्शन' होते (१८४०). ते योग्यच आहे. पण १८४१ साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी पंचांग छापून काढले, ही नोंद तिथे नव्हती. छापील कागद घरोघरी नेण्यात पंचांगाचा वाटा मोठा होता. ज्या घरात वर्तमानपत्र कधी आले नाही, त्या घरातही खुंटीला पंचांग होते. छापलेल्या शाईत चरबी असते म्हणून सोवळी माणसे बिचकत, तेव्हा गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई वापरली असे सांगतात.

त्यांच्या छापखान्याची सुरुवात शिळाछापाने झाली. हे तंत्र बव्हेरियातल्या आलोइस सेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या अखेरीस शोधले. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने लिहायचे. मग दगड ओला करायचा. लिहिलेला भाग पाणी घेत नाही, कोरा भाग घेतो. वर तेलकट शाईचा रूळ फिरवला की ती फक्त अक्षरांना चिकटते. देवनागरीची जोडाक्षरे धरली तर खिळे पाडायचे काम खर्चिक. शिळाछापात खिळेच लागत नाहीत. हाताने जे लिहिता येते ते छापता येते, मग ती मोडी असो, कोष्टक असो की आकृती. १८४५ साली बाळशास्त्री जांभेकरांनी काढलेली ज्ञानेश्वरीही शिळाछापाचीच. वर्गात कागदावर मेणबत्तीने अक्षर काढून त्यावरून ओला जलरंग फिरवला, तर तेल आणि पाणी यांचे हे वैर मुलांना लगेच दिसते. शिळाछापावरचे फलक प्रदर्शनात असते तर ते विज्ञानाचेही प्रदर्शन झाले असते.

पण पंचांगाचे खरे मोल याहून पुढचे आहे, आणि त्यासाठी आपल्याच जिल्ह्यातल्या दोन गावांकडे पाहावे लागते. मुरूडजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० च्या सुमारास 'ग्रहलाघव' रचले. ज्या आणि चाप यांची किचकट गणिते टाळून ग्रहांची स्थाने काढण्याची त्यांची रीत इतकी सोयीची होती की पुढे तीन शतकांहून अधिक काळ महाराष्ट्रातली पंचांगे तिच्यावर चालली. दुसरे गाव अलिबागजवळचे नागाव. तिथे १८२५ साली केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, जन्मले. पंचांगातली स्थाने आणि आकाशातली स्थाने जुळत नाहीत हे त्यांनी दाखवले, १८६० साली 'ग्रहसाधनाची कोष्टके' प्रसिद्ध केली आणि १८६५ पासून नव्या गणिताचे पंचांग सुरू झाले. तेच पुढे पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले.

फरक कुठे पडत होता? सूर्य-चंद्रातले अंतर बारा अंशांनी वाढले की एक तिथी होते. चंद्राची गती मात्र सारखी नसते. सूर्याच्या ओढीमुळे तिच्यात अनेक लहानमोठे फेर पडतात. जुन्या रीतीत त्यांपैकी मुख्य फेरच धरलेला होता, आणि तोही ग्रहणे जुळावीत अशा बेताने. त्यामुळे अमावास्या-पौर्णिमेला चूक थोडी येते, पण अष्टमीच्या आसपास चंद्र दोन-अडीच अंशांपर्यंत चुकू शकतो. म्हणजे तिथी संपण्याच्या वेळेत चार-पाच तासांचा फरक. एकादशी कोणत्या दिवशी, हा वाद अशा फरकातूनही उठतो. गणिताचा हा मोठा झगडा लोकांपर्यंत पोचला तो काही आण्यांच्या चोपड्यातून.

यासाठीच आम्ही गोणीतल्या गठ्ठ्याला मोलाचा म्हणतो. जुने पंचांग म्हणजे घटनेच्या आधी, छापून, तारखेसह जाहीर केलेले भाकीत. विज्ञानात याहून चांगला पुरावा कोणता? आज संगणकावर मागच्या कोणत्याही दिवसाचे चंद्राचे स्थान काढता येते. नववीच्या मुलांनी गठ्ठ्यातले एक पंचांग घ्यावे, वर्षभरातल्या अष्टम्या आणि पौर्णिमा संपण्याच्या वेळा उतरवाव्यात, घटी-पळांचे तास-मिनिटे करावेत (एक घटी म्हणजे २४ मिनिटे, मोजणी सूर्योदयापासून) आणि संगणकाच्या उत्तराशी ताडून पाहावे. पंचांग जुन्या गणिताचे की नव्या, हे मुले स्वतःच सांगतील. गॅझेटिअर काचेआड ठेवून हा धडा मिळणार नाही.

गॅझेटिअरच्या प्रती निदान मोठ्या ग्रंथालयांत आहेत. गोणीतल्या चोपड्याची दुसरी प्रत कदाचित कुठेच नसेल. १८६७ च्या कायद्याने छापलेल्या पुस्तकांच्या प्रती सरकारकडे देणे बंधनकारक झाले आणि पृष्ठसंख्या, प्रती, किंमत यांच्या तिमाही याद्या निघू लागल्या. तरी यादीत नाव असणे आणि पुस्तक हाती असणे यांत अंतर आहे. ताराबाई शिंद्यांच्या 'स्त्रीपुरुष तुलना' या लहानशा पुस्तकाच्या १८८२ साली पाचशे प्रती निघाल्या, किंमत नऊ आणे. पुढे ते विस्मरणात गेले, ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापीपर्यंत. एखादी प्रत कुठेतरी टिकली म्हणूनच ते शक्य झाले. शिवाय एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चिंध्यांच्या कागदाऐवजी लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला. त्यातल्या आम्लामुळे तो पिवळा पडून तुकडे होतो. त्यामुळे अलीकडची चोपडी जुन्यांच्या आधी नष्ट होतात.

प्रदर्शन पुन्हा भरेल तेव्हा 'पहिले' कोणते याचा तक्ता खुशाल लावावा. पण शेजारी दुसरा तक्ता हवा : या गावातल्या माणसांनी काय विकत घेतले, काय वाचले, काय फेकून दिले. आम्ही निघालो तेव्हा गोणी व्हरांड्यातून कपाटात हलली होती. पंचांगे कोरड्या कागदात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवली होती आणि एका शिक्षिकेने थॉमसनप्रमाणे प्रत्येकावर पेन्सिलीने लिहायला घेतले होते : कोणाच्या घरून आले, कोणत्या दिवशी.