यादी भरली, पक्षी पाहायचे राहिले

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दापोली तालुक्यातल्या हर्णै-आंजर्ले किनाऱ्यावर निघालेल्या एका पक्षीनिरीक्षण सहलीत आम्ही काही शिक्षक सामील झालो होतो. मार्गदर्शक जाणकार होते. नुसत्या आवाजावरून ते पक्षी ओळखत; दुर्बीण कशी धरावी हेही त्यांनी आपुलकीने शिकवले. दिवसअखेर 31 जातींची यादी झाली. तरीही सहलीची आखणी चुकली, असे आमचे मत आहे.

हा काळ परतीच्या स्थलांतराचा. हिवाळाभर मातकट दिसणाऱ्या चिखल्यांच्या छातीवर आता तांबूस पट्टा उमटतो. त्यांतले काही विणीसाठी लडाख-तिबेटच्या पठारांकडे निघतात. खडकांवरचे गोटे उलटून खाद्य शोधणारे टर्नस्टोन तर थेट उत्तर ध्रुवाजवळचे किनारे गाठतात. या प्रवासाचे इंधन म्हणजे अंगातली चरबी. किनाऱ्यावरच्या काही जातींचे वजन निघण्यापूर्वी जवळजवळ दुप्पट होते. ही चरबी जमते ती ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलातल्या आणि खडकांतल्या खाण्यावर. भरतीला ते ताट पाण्याखाली जाते आणि थवे उंच कातळावर विसावतात.

आम्ही गेलो त्या दिवशी अष्टमी होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा कोकणातला जुना हिशेब. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे भरती सकाळी सहाला आणि पूर्ण ओहोटी दुपारी सव्वाबाराच्या सुमारास. आम्हाला मात्र सातलाच कातळावर नेले. फोटोसाठी सगळे पुढे पुढे सरकत राहिले आणि विसावलेला थवा चार वेळा उठला. प्रत्येक वेळी उडताना त्यांची साठवलेली शक्तीच खर्च झाली. पक्षी चिखलात उतरून खाऊ लागले, तेव्हा आम्ही पंगतीत बसलो होतो!

मुलांना नेणार असाल, तर वेळ न्याहारीवरून नव्हे, तिथीवरून ठरवा. द्वितीया-तृतीयेला ओहोटी सकाळी सात-आठला मिळते; उन्हाचाही त्रास नाही. थव्यापासून लांबच बसा. प्रत्येक गटाने एकच चिखल्या निवडावा आणि तो मिनिटाला किती वेळा धावतो, किती वेळा चोच मारतो हे मोजावे. भरती चढू लागल्यावर पुन्हा मोजावे. दोन आकड्यांत फरक पडला, तर तो का, हे मुलेच विचारतील.

यादी पाच नावांचीच होईल. पण हा प्रश्न वर्गात परत येईल, आणि सहलीचे सार्थक त्यातच आहे.