कॅनडाच्या राष्ट्रगीतातले ‘पुत्र’

कॅनडा दिनाला, म्हणजे १ जुलैला, ओटावातल्या लब्रेटन फ्लॅट्सच्या मैदानावर आम्ही सहकुटुंब गेलो होतो. राष्ट्रगीत सुरू झाले तशी मी उभी राहिले आणि सवयीने जुनाच शब्द म्हणून गेले. शेजारी उभी असलेली माझी नऊ वर्षांची नात मान वर करून म्हणाली, “आजी, तू चुकलीस.” तिचे खरे होते. जो शब्द मी तीस-बत्तीस वर्षे म्हणत आले, तो २०१८ सालीच कायद्याने गेला आहे.

आपल्या मासिकात गाण्याविषयी लिहायचे म्हणजे कीर्तनाविषयी किंवा एलियाहू हन्नाबीच्या गीतांविषयी. राष्ट्रगीतावर टीका लिहिणे हे जरा धाडसच आहे. पण वाचक बंधुभगिनींनो, आपल्यापैकी पुष्कळांना या जन्मात दोन-दोन, तीन-तीन राष्ट्रगीतांना उभे राहावे लागले आहे. या विषयात आपल्याइतका अनुभव दुसऱ्या कोणाला असणार?

या गीताची चाल क्वेबेकचे संगीतकार कालिक्सा लाव्हाले यांची. अडोल्फ-बाझील रुथिये यांनी तिच्यासाठी फ्रेंच शब्द रचले आणि २४ जून १८८० रोजी क्वेबेक शहरात ते गीत प्रथम सादर झाले. गंमत अशी की लाव्हाले अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या पलटणीत वादक होते, आणि १८९१ साली वारले तेही बॉस्टनमध्ये. देशाला गीत देणारा माणूस परक्या देशात पोट भरत होता, हे ऐकून आपल्यासारख्यांना जरा बरे वाटते. चाल गंभीर आहे, चढत जाणारी आहे. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

इंग्रजी शब्द हे त्या फ्रेंचचे भाषांतर नव्हे. माँट्रियलचे न्यायाधीश रॉबर्ट स्टॅन्ली वीअर यांनी ते १९०८ साली स्वतंत्रपणे लिहिले. वादाचे मूळ इथेच आहे. वीअर यांच्या पहिल्या पाठात देशप्रेम जागे कर अशी जी विनवणी होती ती ‘आमच्यात’ अशी होती. स्त्री-पुरुष असा भेद तीत नव्हता. पाच-सहा वर्षांतच ती ओळ बदलून ‘तुझ्या सर्व पुत्रांत’ अशी झाली. लवकरच पहिले महायुद्ध सुरू झाले आणि तो शब्द लोकांच्या तोंडी घट्ट बसला. म्हणजे ‘परंपरा, परंपरा’ म्हणून ज्याला लोक कवटाळून बसले होते तो शब्दच मुळात मागाहून घातलेला.

आणि त्या युद्धात फक्त पुत्रच गेले होते काय? मी परिचारिका, म्हणून हा प्रश्न मला चटकन सुचतो. दोन हजारांहून अधिक कॅनेडियन परिचारिका त्या वेळी समुद्रापार गेल्या. निळ्या गणवेशावरून जवान त्यांना ‘ब्लूबर्ड’ म्हणत. २७ जून १९१८ रोजी जर्मन पाणबुडीने ‘लँडोव्हरी कासल’ हे इस्पितळाचे जहाज बुडवले, त्यात जहाजावरच्या चौदाच्या चौदा परिचारिका गेल्या. पार्लमेंटच्या मधल्या इमारतीत अशा परिचारिकांचे संगमरवरी स्मारक १९२६ सालापासून आहे. ती इमारत २०१९ पासून दुरुस्तीसाठी बंद आहे, पण मी इथे नवी असताना रात्रपाळी संपवून एका मैत्रिणीबरोबर ते पाहायला गेले होते. पाहून बाहेर आलो तर हिरवळीवर बँड हेच गीत वाजवीत होता. आम्ही दोघी उभ्या राहून ‘पुत्र’ म्हणालो. त्या वेळी आम्हाला त्यात काही खटकले नाही, हेही सांगितले पाहिजे.

हे गीत कायद्याने राष्ट्रगीत झाले ते १ जुलै १९८० रोजी. त्यानंतर ‘पुत्र’ काढा अशी मागणी वारंवार आली. २०१० साली तर खुद्द सरकारनेच आपल्या भाषणात मूळ शब्दांचा विचार करू असे सांगितले, आणि लोक इतके खवळले की दोन दिवसांत माघार घेतली. अखेर हे काम आमच्या ओटावाच्याच एका खासदाराने, ओटावा-व्हॅनिएचे मोरिल बेलांजे यांनी, अंगावर घेतले. त्यांचे पहिले विधेयक २०१५ साली फेटाळले गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांना ए.एल.एस. झाल्याचे निदान झाले. जानेवारी २०१६ मध्ये त्यांनी विधेयक पुन्हा मांडले. वाचा गेली होती, म्हणून यंत्राच्या आवाजात ते सभागृहात बोलले. १५ जून २०१६ रोजी २२५ विरुद्ध ७४ मतांनी विधेयक मंजूर झाले तेव्हा ते चाकाच्या खुर्चीत बसून होते. १६ ऑगस्टला ते वारले. सिनेटमध्ये मात्र गाडे दीड वर्ष अडले. ३१ जानेवारी २०१८ रोजी ते कसेबसे सुटले, तेही कॉन्झर्व्हेटिव्ह सिनेटरांनी चर्चा आवरती घेतल्याच्या निषेधार्थ मतदानात भाग न घेता.

विरोधकांचा एक आक्षेप असा होता की मरणाऱ्या माणसाची दया येऊन राष्ट्रगीत बदलू नये. हा आक्षेप मला मान्य आहे. ए.एल.एस.चे रोगी मी सांभाळले आहेत. डोळे शाबूत, बुद्धी शाबूत, आणि एकेक स्नायू निकामी होत जातो. अशा रोग्याला दया नको असते. आपले म्हणणे कोणी पुरते ऐकून घ्यावे एवढेच त्याला हवे असते. पण बेलांजे यांनी हा विषय आजारी पडण्याआधीच मांडला होता, हे टीकाकार सोयीने विसरले. ज्यांनी २०१५ साली ‘नाही’ म्हटले आणि २०१६ साली ‘होय’ म्हटले, त्यांना हवे तर विचारा की मुद्दा बदलला की खुर्ची.

दुसरा आक्षेप भाषेचा, आणि तोही मला बराचसा पटतो. मूळ ओळ जुन्या वळणाच्या इंग्रजीत होती, देशाला ‘तू’ म्हणणारी. नवीन शब्द रोजच्या बोलण्यातले आहेत. पैठणीला सुती ठिगळ लावावे तसे ते दिसतात. वीअर यांचा १९०८ चा पाठ जसाच्या तसा परत आणला असता तर अर्थही साधला असता आणि ओळही शोभली असती. कायदा म्हणून हा बदल योग्य आहे, पण कविता म्हणून तो मध्यम आहे.

तिसरा आक्षेप मी आपल्याच एका वयस्कर गृहस्थांच्या तोंडून ऐकला. ते म्हणाले, “आपण पाहुणे. यजमानाच्या घरातले सामान आपण हलवू नये.” वडीलधारे म्हणून मी त्या वेळी गप्प राहिले. पण जिने तीस वर्षे या गावातल्या रोग्यांची उशापायथ्याशी बसून सेवा केली, कर भरला, शपथ घेतली, ती पाहुणी कशी? माझगावच्या एली कदूरी शाळेत आम्ही रोज सकाळी जन गण मन म्हणत असू. त्यातला ‘सिंध’ तेव्हाही भारतात नव्हता. तो काढावा म्हणून पुढे लोक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००५ साली न्यायालयाने नकार दिला. तो शब्द राहिला हे मला आवडले, कारण तो कोणाला बाहेर ठेवत नाही, उलट गेलेल्याला आठवतो. ‘पुत्र’ मात्र निम्म्या लोकांना दाराबाहेर उभे करीत होता.

आता गायकही या गीताला हात घालू लागले आहेत. २०१६ साली एका चौकडीतील गायकाने अमेरिकेत बेसबॉलच्या सामन्यापूर्वी स्वतःचाच राजकीय मजकूर घुसडला आणि सोबत्यांनी त्याला बाजूला केले. ते योग्यच झाले. २०२३ साली जली ब्लॅक हिने बास्केटबॉलच्या सामन्यात एकच छोटासा शब्द बदलला, आणि हा देश मूळ रहिवाशांच्या भूमीवर वसलेला आहे हे सांगून टाकले. ती खरी कारागिरी. त्या ओळीतल्या ‘नेटिव्ह’ शब्दाशी माझेही कधी जमले नाही. आम्ही मुंबईकर ‘नेटिव्ह’ म्हणतो ते गावाला, आणि आपले गाव तर आपल्या आडनावातच शिवलेले आहे, पेणकर काय नि नवगावकर काय. फेब्रुवारी २०२५ मध्ये शांताल क्रेव्हियाझुक हिने बॉस्टनला हॉकीच्या सामन्यात शब्द बदलले, आमच्यावर हुकूम फक्त आमचाच, अशा अर्थाने, अमेरिकेच्या अध्यक्षांना उत्तर म्हणून. तिने बदलली ती नेमकी २०१८ चीच ओळ. ‘पुत्र’ तिथे असते तर तिला हे सुचले असते की नाही, कोण जाणे.

रशियाचा प्रकार याच्या उलट. तिथे सर्गेई मिखाल्कोव्ह या एकाच कवीने एकाच चालीवर तीनदा शब्द लिहिले: स्टालिनसाठी, मग १९७७ साली स्टालिनला वगळून, आणि २००० साली पुतिनसाठी, वयाच्या ८७ व्या वर्षी. लोकांना कोणी विचारले नाही. २०२२ साली, युक्रेनवर स्वारी झाल्यानंतर काही महिन्यांनी, शामान नावाच्या गायकाचे ‘मी रशियन आहे’ अशा अर्थाचे गाणे तिथे गाजले. मी ते ऐकले. गळा उत्तम, ठेका जोरदार, आणि आत ‘मी’ सोडून दुसरे काही नाही. अलेक्झांडर गुडकोव्ह या विनोदी नटाने त्यातल्या ‘रूस्की’चे पहिले अक्षर उडवून ‘ऊझ्की’, म्हणजे ‘अरुंद’, असे विडंबन केले. याहून चांगली समीक्षा मला लिहिता आली नसती.

राहिली फ्रेंच बाजू. तिला कोणी हात लावलेला नाही. ओटावात समारंभांतून अर्धे इंग्रजी आणि अर्धे फ्रेंच असे गीत म्हणतात, आणि फ्रेंच भागात तलवार आणि क्रूस दोन्ही आहेत. माझी नात फ्रेंच शाळेत जाते. तिने एका शब्बाथच्या रात्री जेवताना विचारले, “आजी, क्रूस वाहायचा म्हणजे काय? आपण वाहतो का?” आमच्या घरात सगळे एकदम गप्प झाले. इस्राएलमध्ये २०१२ साली न्यायमूर्ती सलीम जुब्रान हे अरब न्यायाधीश हतिक्वाला उभे राहिले पण त्यांनी गीत म्हटले नाही, म्हणून त्यांच्यावर काहींनी टीका केली होती. आपल्यातलेही काही तेव्हा रागावले होते, त्यांत मीही होते. त्या गीतात आपण घरचे, म्हणून दुसऱ्याची अडचण दिसली नाही.

नातीला मी केरळातल्या तीन मुलांची हकीगत सांगितली. धर्माला पटत नाही म्हणून ती जन गण मनला आदराने उभी राहत, पण गात नसत. त्यांना शाळेतून काढले, आणि १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. तिने ऐकून घेतले, काही बोलली नाही. परवा शाळेच्या कार्यक्रमात मी पुढच्या रांगेत बसले होते. तलवारीपर्यंत तिचे ओठ हलत होते, क्रुसाला मिटले, आणि पुढच्या शब्दाला पुन्हा उघडले. शिक्षिकेच्या ते लक्षातही आले नाही.