डोंगरीचे १०१ दिवस आणि ती बनावट पत्रं

गोपाळ गणेश आगरकरांचं ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ आपण देशभक्तांची तुरुंगकथा म्हणून ओळखतो. पंचविशीतले आगरकर आणि टिळक कोठडीत तावातावाने वाद घालताहेत, हे चित्र कुणालाही आवडेल. पण ते आत गेले कशासाठी, असं विचारलं की गोष्ट अवघड होते.

‘केसरी’ १८८१ मध्ये सुरू झाला. कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांना वेडं ठरवून त्यांचा छळ होतोय, अशी तेव्हा बोलवा होती. दिवाण माधवराव बर्वे यांना त्यात गोवणारी पत्रं हाती लागली आणि त्यांच्या भरवशावर आगरकरांचा ‘केसरी’ नि टिळकांचा ‘मराठा’ बर्व्यांवर तुटून पडले. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. पत्रं बनावट ठरली. जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. २६ ऑक्टोबरला ते सुटले.

पुढे डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगरला, पहाऱ्यावरच्या ग्रीन नावाच्या गोऱ्या सैनिकाशी झटापट होऊन महाराजांचा मृत्यू झाला. म्हणजे काळजी अनाठायी नव्हती, पण बर्व्यांविरुद्धचा पुरावा खोटाच होता. शाळेत शिकवलेली गोष्ट यातलं पहिलं वाक्य ठेवते आणि दुसरं गाळते. ‘फॉरवर्ड खोटा असेल, पण मुद्दा बरोबर आहे ना?’ असं आपल्या ग्रुपवर कुणी म्हणतं, तेव्हा तोही हेच करत असतो.

पुस्तकाचं शीर्षक तुरुंगातले दिवस मोजतं. कोड लिहिणाऱ्या मला त्याआधीचे दिवस मोजावेसे वाटतात. पत्रं कुणी आणली? अक्षर कुणी पडताळलं? छापायचं कधी ठरलं? सर्व्हर पडला की आम्ही असाच अहवाल लिहितो. कोण थोर होतं, हा त्यातला प्रश्नच नसतो.

मग वर्तमानपत्राला खोटं छापायची मुभा असावी का? सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या राजगोपाल खटल्यात वाट दाखवली. सरकारी अधिकाऱ्याच्या कामाबद्दलची बातमी चुकीची निघाली, तरी वाजवी पडताळणी केली होती एवढं दाखवलं तर भरपाई द्यावी लागत नाही. सत्याची पर्वाच केली नसेल, तर मात्र सुटका नाही. डोंगरीच्या कैद्यांनाही मी हाच प्रश्न विचारेन.

आणि खोटं काय, हे सरकारने ठरवावं का? केंद्राने २०२३ मध्ये स्वतःच्या कारभाराबद्दलचा ऑनलाइन मजकूर तपासायला फॅक्ट चेक युनिटचा नियम आणला. मुंबई उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये तिसऱ्या न्यायमूर्तींच्या, म्हणजे नागपुरात वकिली केलेल्या अतुल चांदुरकरांच्या, मताने तो रद्द झाला. ते योग्यच झालं. ज्याच्यावर बातमी आहे त्यानेच ती खोटी ठरवायची, तर १८८२ मध्ये बर्व्यांना कोर्टात जायची गरजच पडली नसती.

पुस्तक जरूर वाचा. फक्त टाळ्या वाजवण्याआधी ती पत्रं आठवा.