आंधळा म्हातारा, सफी आणि तो

मराठी अग्रलेखांत 'फ्रँकेन्स्टाईन' हा शब्द 'भस्मासुर' या शब्दाचा परदेशी जोडीदार म्हणून सर्रास वापरला जातो. निर्माण करणाऱ्यावरच उलटलेला राक्षस, एवढाच त्याचा अर्थ. बोईसरला लागून असलेल्या सरावलीत राहणाऱ्या आम्हांला तर तो फारच ओळखीचा. १९६९ साली तारापूरला देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले, औद्योगिक वसाहत वाढली, पुढे तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. यावर बोलायला उभा राहिलेला वक्ता कधी ना कधी फ्रँकेन्स्टाईनला साक्षीला बोलावतोच. मूळ कादंबरी वाचल्यावर मात्र आमचे असे मत झाले की, ही साक्षच चुकीच्या माणसाकडून घेतली जाते आहे.

मुळात फ्रँकेन्स्टाईन हे राक्षसाचे नाव नव्हे. ते त्याला घडवणाऱ्या जिनिव्हाच्या व्हिक्टरचे आडनाव. घडवलेल्याला नावच नाही. १८१६ च्या जूनमध्ये अठरा वर्षांच्या मेरी शेलीला ही कथा सुचली आणि १८१८ च्या जानेवारीत ती छापून आली, तीही लेखिकेच्या नावाशिवाय. विद्यापीठात शिकणारा व्हिक्टर मेलेल्यांचे अवयव जुळवून एक देह तयार करतो, त्यात जीव ओततो आणि त्या देहाचा पिवळट डोळा उघडताच खोली सोडून पळतो. भस्मासुराने तप करून वर मागून घेतला होता. याने काहीच मागितले नव्हते, जन्मसुद्धा नाही. 'रब' म्हणजे नुसता मालक नव्हे, सांभाळून वाढवणारा, हे आपल्या घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. व्हिक्टरला घडवणारा व्हायचे होते, वाढवणारा व्हायचे नव्हते. कादंबरीतली खरी भीती इथे आहे. स्मशान, वीज, वादळ हा सगळा नंतरचा, बराचसा सिनेमावाल्यांनी वाढवलेला मसाला.

पण आम्हांला थांबून बोलायचे आहे ते कादंबरीच्या मधल्या भागाविषयी. रानात भटकणारा तो अनाम जीव एका झोपडीला लागून असलेल्या खोपटात लपतो. झोपडीत द लेसी नावाचा आंधळा म्हातारा, मुलगा फेलिक्स आणि मुलगी अगाथा राहतात. एके दिवशी तिथे सफी येते. ती एका तुर्की व्यापाऱ्याची मुलगी. तिला त्या घराची भाषा येत नाही. फेलिक्स तिला शिकवायला बसतो आणि भिंतीच्या फटीतून पाहणारा तोही शिकतो. एकाच धड्यावर दोन विद्यार्थी, एक घरात आणि एक भिंतीआड. तो स्वतःच सांगतो की, आपण तिच्यापेक्षा लवकर शिकलो.

सरावलीच्या चाळींत परप्रांतातून आलेले कामगार अशीच ऐकून ऐकून मराठी उचलतात. आमचे तर ते घरचेच बोलणे, पिढ्यान्‌पिढ्यांचे. तरीही 'तुम्ही मुसलमान असून मराठी किती छान बोलता!' हे कौतुक आमच्या वाट्याला येतेच. कौतुक करणारा भला माणूस असतो, त्यात वाद नाही. पण भिंत कुठे आहे ते तो नकळत दाखवून जातो.

भाषा शिकल्यावर तो अनाम जीव धीर करून झोपडीत शिरतो. वेळ अशी निवडतो की म्हातारा एकटाच असावा. द लेसी त्याचा आवाज ऐकतो, त्याला बसायला सांगतो, मदतीचे वचन देतो. आपल्यापैकी ज्यांनी शहरात भाड्याने खोली शोधली आहे त्यांना हा प्रसंग समजावून सांगण्याची गरज नाही. फोनवर सगळे ठरते, आवाजही आवडतो. मग नाव विचारले जाते आणि खोली 'कालच गेलेली' असते. त्याला नाव नव्हते, आपल्याला आहे, एवढाच फरक. डोळस माणसे परत येतात. फेलिक्स काठीने मारतो, अगाथा बेशुद्ध पडते. आणि सफी? मैत्रिणीलाही न सावरता ती दारातून बाहेर पळते. त्याच्याबरोबर जिने मुळाक्षरे गिरवली, ती परकी मुलगीसुद्धा त्याला ओळखत नाही. अर्थात ओळखणार कशी, तिने त्याला कधी पाहिलेच नव्हते. तरीही आम्हांला काठीच्या माराहून हे पळणे जास्त लागते.

सफीला घर मिळाले आणि त्याला नाही, याचे कारण रूप, असे समीक्षक सांगतात. ते खरेच आहे, पण पुरेसे नाही. सफीची आई ख्रिस्ती अरब होती आणि मुलीला स्वतंत्र विचार करायला तिनेच शिकवले, असे कादंबरीत मुद्दाम सांगितले आहे. मुसलमान स्त्रीला ते मनाईच असते, असे लेखिकेने गृहीत धरले आहे. मेरीची स्वतःची आई मेरी वुल्स्टनक्राफ्ट. तिने १७९२ मध्ये स्त्रियांच्या हक्कांचा पाया घालणारा ग्रंथ लिहिला. त्यातही बाईला कमी लेखण्याचा दाखला म्हणून इस्लामच पुढे केलेला आहे. पूर्वग्रहही आईकडून मुलीकडे वारशाने येतात.

सफीच्या बापाचे चित्रण याहून गुंतागुंतीचे आहे. पॅरिसमध्ये त्याला मृत्युदंड होतो तो गुन्ह्यापेक्षा धर्म आणि संपत्तीमुळे, हे लेखिका स्वच्छ लिहिते. १८१८ साली हे लिहायला धाडस लागते. परंतु तुरुंगातून सुटताच हाच माणूस कृतघ्न, दगाबाज होतो. फेलिक्सला मुलगी देण्याचे वचन तो मोडतो. अन्याय झालेला माणूस पुढे वाईटही वागू शकतो, याबद्दल आमची तक्रार नाही. तो अनाम जीव तर लहानग्या विल्यमचा गळा दाबतो आणि त्याचा आळ निरपराध जस्टिनवर आणून तिला फासावर चढवतो. पण तो असा का झाला हे सांगायला लेखिकेने त्याला प्रकरणेच्या प्रकरणे दिली आहेत. तुर्क व्यापाऱ्याला स्वतःच्या तोंडून एक पानही दिलेले नाही. त्याची हकीकत तो जीव सांगतो, ती व्हिक्टर ऐकतो, आणि ती कागदावर उतरवतो जहाजाचा कप्तान वॉल्टन. राक्षसाचे मन उघडून पाहणाऱ्या लेखिकेलाही त्या कैद्याच्या कोठडीत बसवेनासे झाले.

एक बारीक तपशील बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. व्हिक्टरच्या कहाणीवर विश्वास ठेवावा की नाही, असा प्रश्न वॉल्टनला पडतो, तेव्हा त्याला जी पत्रे दाखवली जातात ती फेलिक्स आणि सफीची. त्या जिवाने ती नकलून ठेवलेली असतात. एवढ्या मोठ्या, अविश्वसनीय कथेचा हाच काय तो कागदी पुरावा. आणि त्या दारातून पळालेली सफी पुढे कादंबरीत पुन्हा कुठेच दिसत नाही.