वृक्षछत्राखाली झाडे कोणती?

डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचा वनस्थिती अहवाल १९८७ पासून साधारणतः दर दोन वर्षांनी निघतो. मी तो ग्रंथासारखा वाचतो, आणि माझा आक्षेप त्यातल्या मूळ व्याख्येलाच आहे. किमान एक हेक्टर जमीन आणि तिच्यावर निदान १० टक्के वृक्षछत्र, की झाले ‘वनाच्छादन’. झाडे कोणत्या जातीची, जमीन कोणाची, हे विचारायचे नाही. बागा आणि बांबूही त्यात बसतात. दोडामार्गात जंगल काढून रबर लावले आणि काही वर्षांत छत्र पुन्हा मिटले, तर आकड्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

कार्बनचा हिशेब मात्र जातीवाचून मांडता येत नाही. खोडाचे आकारमान गुणिले लाकडाची घनता. जे कोरडे वजन येईल त्याच्या साधारण निम्मा कार्बन. पांगारा, काटेसावर हलक्या लाकडाची झाडे. खानदेशातला अंजन पाण्यात बुडण्याइतका जड. महाबळेश्वरची अंजनी (ती वेगळी, नावाच्या साम्याने पुष्कळांची गफलत होते) बुटकी, वेडीवाकडी. इमारती लाकडाच्या व्यापाऱ्याला त्या रानात घेण्यासारखे काही दिसणार नाही. पण तिचेही लाकूड घट्ट, आणि सोबत जांभूळ, पिसा. वरून निसटलेला उजेड खालची सावलीत तगणारी झाडे वापरतात. सागाच्या एकवयीन लागवडीत सगळे शेंडे एका उंचीवर, आणि उन्हाळ्यात पाने गळाली की ऊन थेट जमिनीवर.

म्हणून ‘मिश्र वन म्हणजे जास्त कार्बन’ असे सरसकट म्हणावे का? चीनच्या जिआंग्शी प्रांतातल्या मोठ्या लागवड-प्रयोगाचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘सायन्स’मध्ये आले. आठ वर्षांत १६ जातींच्या मिश्रणाने सरासरी एकजातीय लागवडीच्या दुपटीहून जास्त कार्बन साठवला. उत्साही लेखांत हे वाक्य येते. त्याच निबंधातले पुढचे गळते. दोन व्यापारी जातींच्या निव्वळ लागवडींनीही जवळपास तेवढाच साठा केला होता. मला हे दुसरे वाक्य अधिक मोलाचे वाटते. भराभर वाढणारे झाड आठ वर्षांत बरोबरी करू शकते, पण व्यापारी लागवड तोडण्यासाठीच असते. नुसती जातींची संख्या मोजून भागत नाही. कोणत्या जाती आणि किती काळ उभ्या, हे पाहावे लागते.

अहवालावर अन्याय नको. त्यातले कार्बनचे प्रकरण जमिनीवरच्या नमुना-मोजणीवर आधारलेले आहे. चॅम्पियन आणि सेठ यांच्या १९६८च्या वर्गीकरणानुसार वनप्रकारांचे नकाशेही हीच संस्था करते, आणि त्यांत लागवडींना वेगळा रंग असतो. तेव्हा उपग्रहाला जाती ओळखता येत नाहीत, ही सबब पुरी पडत नाही. पण वर्तमानपत्रांत जातो तो वनाच्छादनाचा टक्का, आणि प्रकल्पासाठी दिलेल्या जंगलाच्या बदल्यात केलेली लागवड छत्र धरताच त्याच टक्क्यात मिसळते. माझी मागणी एका रकान्याची आहे: प्रत्येक जिल्ह्याच्या आकड्याशेजारी, त्यातले नैसर्गिक वन किती आणि लावलेले किती.